टायरची साक्ष

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एसटी चालवली आणि कधी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात, आणि दिवसातून एकदा तरी म्हणतातच. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून त्यांच्या सदऱ्यावर असतो. लग्नाला जाताना असतो ते ठीक, पण दाढी करायला जातानाही असतो.

अशा माणसाला 'आबा, तुमचं चुकतंय' असं कोण सांगणार? मी तर नाहीच नाही. मी स्वप्नाली काशीद, त्यांची एकुलती एक सून. बार्शी ते पुणे प्रवासी व्हॅन चालवते. गाडी मला त्यांनीच शिकवली, जुन्या जीपवर. भावकीतले म्हणाले, सून स्टिअरिंगवर बसली, आता काशिदांचं काही खरं नाही. आबा म्हणाले, "काशिदांचं मी बघतो. तू आरशात बघ." तेव्हापासून हा माणूस मला बापापेक्षा जवळचा. बापाला मी उलट बोलायचे, यांना नाही.

तर आबांची एक पद्धत होती. रोज सकाळी मी चहा टाकायचे तेव्हा ते व्हॅनपाशी असायचे. काचा पुसायच्या, मग लोखंडी गज घेऊन चारही टायरवर एकेक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. होळी होऊन ऊन तापायला लागलं की आणखी एक काम वाढायचं. व्हॉल्वची टोपी काढून प्रत्येक चाकातली थोडी हवा सोडायची.

"उन्हात हवा फुगती," ते सांगायचे. "टायरला पोटात जागा ठेवायची, जेवायला बसलेल्या माणसासारखी. न्हाईतर फुटतं."

ऐकायला किती पटतं बघा. आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर अजून हेच करतात. आणि हे सपशेल चूक आहे. का, ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

टायरमध्ये किती हवा भरायची हे जे कंपनी सांगते, ते हवा तापून फुगणार हे धरूनच. त्याहून कमी भरली की टायरचं पोट सुटतं. चाक फिरताना ते पोट जमिनीला लागलं की दबतं, वर गेलं की सरळ होतं, पुन्हा दबतं. लोखंडाची तार हातात धरून मागंपुढं वाकवत राहा, थोड्या वेळात ती चटका देते आणि मग तुटते. टायरचं तेच. बाहेरच्या उन्हानं तो जेवढा तापत नाही तेवढा आतल्या या वाकण्यानं तापतो. रबरात पोलादी तारांचे थर असतात, ते रबर भाजलं की तारांना सोडायला लागतं. त्यात वेग आणि वजन आलं की संपलं. आमच्या विजेच्या गाड्यांना तर पोटाखाली बॅटरीचं ओझं असतं, त्यामुळं टायरला दम घ्यायला जागाच नाही.

मला हे कुठून कळलं? टायरनंच सांगितलं.

हल्ली प्रवासी गाड्यांना बोलके टायर सक्तीचे झालेत. त्या रबरातच कार्बनचे केसाहून बारीक धागे मिसळलेले असतात. रबर ताणलं की त्या धाग्यांतून जाणारी वीज कमी-जास्त होते. त्यावरून आत हवा किती आहे, टायरच्या कुठल्या भागावर किती ताण आहे, तो किती तापलाय, तारा रबर सोडायला लागल्यात का, हे सगळं कळतं. त्याला वेगळा सेल लागत नाही, चाक फिरताना जे दबतं त्यातूनच त्याची वीज तयार होते आणि गाडी उभी असतानाही पुरेल एवढी साठते. कडेला बसवलेली टिकली हे सगळं लक्षात ठेवते, आणि टायर फुटून चिंध्या झाल्या तरी ती टिकली शाबूत राहते. बिघाड दिसला की डॅशबोर्डमधली बाई बोलते. अगदी पुणेरी बाई आहे. चूक आपलीच असणार असं धरूनच बोलते.

हे टायर आले आणि कायदाही बदलला. पूर्वी टायर फुटला की देवाची करणी म्हणून सगळे हात झटकायचे. ड्रायव्हर म्हणायचा रस्ता खराब, रस्तावाले म्हणायचे टायर खराब, टायरवाले म्हणायचे ड्रायव्हर खराब, आणि विमावाले नुसते मान हलवायचे. आता टायर फुटून कुणाला लागलं की चौकशी अधिकाऱ्यापुढं टायरची साक्ष होते. त्यात देवाला सुट्टी आहे. कुणाची तरी चूक निघतेच.

मग मी काय करायचे? आबा हवा सोडायचे, मी चहा पिऊन निघायचे. गाडी सुरू केली की पिवळा दिवा लागायचा, पुणेरी बाई 'हवा कमी आहे' म्हणून टोमणा मारायची, आणि वळणावरच्या पंपावर जाऊन मी चारही चाकं पुन्हा भरून घ्यायचे. रोज. असे तीन उन्हाळे काढले मी. हसू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. आबांचा मान राहत होता, टायरचं पोट भरत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते वैशाखात. त्या दिवशी मागं बारबोले आजी होत्या, पुण्याला नातीचा साखरपुडा होता म्हणून चालल्या होत्या. मांडीवर करंज्यांचा डबा, आणि घाई एवढी की जणू साखरपुडा त्यांचाच आहे. वळणावरच्या पंपावर हवेचं मशीन बंद. म्हटलं, पुढच्या पंपावर भरू. पुढचा पंप द्रुतगती मार्गाच्या पलीकडच्या बाजूला निघाला. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. आजी मागून म्हणत होत्या, "मुहूर्त टळला तर गं?" आणि मी पिवळ्या दिव्याकडं बघत गाडी हाणत होते.

टेंभुर्णी मागं पडली आणि बाई बोलली. आवाजात टोमणा नव्हता. "पुढच्या डाव्या टायरच्या तारा सुटत आहेत. वेग कमी करा. गाडी बाजूला घ्या."

मी वेग कमी करायला लागले. बराच कमी झालाही होता. तेवढ्यात बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डावीकडं ओढली गेली. डावीकडं कठडा, कठड्याखाली कालवा.

अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि गाड्या उलटतात त्या त्यानंच. फुटलेलं चाक आधीच गाडीला एका बाजूला ओढत असतं, त्यात ब्रेक दाबला की गाडी त्या चाकाभोवतीच गिरकी घेते. पण माझ्या डोक्यात जुन्या जीपमधला आवाज होता. आबांनी मला हे शंभरदा घोकून घेतलेलं. टायर फुटलं की ब्रेकला विसरायचं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, गाडी सरळ ठेवायची, उलट्या बाजूला हिसका द्यायचा नाही. पाय उचलायचा, पण मांजरीच्या पाठीवरून हात काढावा तसा, हळू. हे शेवटचं तर विजेच्या गाडीला जास्तच लागू. तिच्यावरचा पाय झटकन काढला की ती स्वतःच ब्रेक लावते. आबांना हे ठाऊक नव्हतं, पण शिकवलं होतं बरोबर.

गाडी थरथरत, खडखडत सरळ गेली. पार हळू झाली तेव्हा मी ती कडेला घेतली आणि कठड्याच्या आत उभी केली. मागं वळून बघितलं. आजींनी डबा धरायला पट्टा सोडला होता, त्या सीटवरून घसरून मनगटावर पडल्या होत्या. मनगट मोडलं. करंज्यांचा चुरा झाला. मी आजींना धरून रडले आणि आजी मला म्हणाल्या, "रडू नको, आधी साखरपुड्यात फोन लाव."

आठवड्याभरात चौकशीचं बोलावणं आलं. विमावाल्यांच्या माणसानं मला बाजूला घेऊन समजावलं. टिकलीत दिसतंय की हवा घरी उभ्या गाडीतून सोडलेली आहे. कुणी सोडली ते टायर सांगू शकत नाही, ते तुम्हाला सांगावं लागेल. चालकानं स्वतः मुद्दाम सोडली असेल तर प्रवासी परवाना कायमचा रद्द. दुसऱ्या कुणी सोडली असेल तर त्या माणसाला प्रवासी गाडीच्या देखभालीला हात लावायला बंदी.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचार काय करायचा? माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. सुहास पुण्याला नोकरीला असतो. फोनवर म्हणाला, "आबांचं नाव सांगून मोकळी हो. या वयात ते कुठं गॅरेज काढणारेत? बंदी आली तर आली."

"तुझे वडील सकाळी कशासाठी उठतात, ठाऊक आहे तुला?" मी विचारलं.

"उठतात कशासाठी म्हणजे?"

"काही नाही. ठेव फोन."

सासूबाई गेल्यापासून मी बघत होते ना. दिवसभर हा माणूस गच्चीवर नाहीतर ओट्यावर बसून असायचा. फक्त सकाळी व्हॅनपाशी ताठ उभा असायचा, ठोके द्यायचा, कान लावायचा, मला 'जा, गाडी चोख आहे' म्हणायचा. तेवढं काढून घेतलं तर मागं काय उरतं? आणि परवाना गेला तर माझं काय उरतं? व्हॅन सोडून मला दुसरं येत नाही आणि आवडतही नाही. माझा नुसता संताप होत होता, टायरवर, कायद्यावर, आणि त्या वळणावरच्या पंपावर.

आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचं ठाम मत झालं होतं की टायर कंपनीचाच दोष. "हल्लीच्या रबरात राम न्हाई," म्हणाले. चौकशीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी तयार. "मी येतो. सांगतो त्यांना, माझ्या हाताखाली शिकलेली पोर आहे, चूक करायची न्हाई." मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

चौकशी अधिकारी होत्या मुजावर मॅडम. चष्मा नाकावर, आवाज शांत, शाळेतल्या चांगल्या बाईंसारख्या. बारबोले आजींचा जबाब आधीच झाला होता. पोरीनं गाडी अलगद थांबवली, माझा हात माझ्याच चुकीनं मोडला, फक्त करंज्या भरून द्या, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. आबा माझ्या मागच्या खुर्चीवर बसले होते. भिंतीवर टायरची रेघ उमटली. हृदयाचे ठोके दाखवतात ना दवाखान्यात, तशी.

मॅडमनी रेघ पुढं-मागं केली आणि म्हणाल्या, "काशीदबाई, मला एक समजत नाही. उन्हाळ्यात रोज सकाळी गाडी उभी असताना चारही चाकांची हवा कमी होते. थोड्या वेळानं ती पुन्हा भरली जाते. तीन उन्हाळे हेच चाललंय. हा काय प्रकार आहे?"

झालं. मी मागं बघितलं नाही.

"मीच सोडते," मी म्हणाले. "आणि मीच भरते."

"का?"

"सवय आहे."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हवा मुद्दाम सोडल्याचं कबूल करताय? त्याचा परिणाम माहीत आहे ना?"

मी हो म्हणणार तेवढ्यात मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"खोटं बोलतीय ती, मॅडम," आबा म्हणाले. ते उभे राहिले होते. "हवा मी सोडतो. विश्वंभर काशीद, निवृत्त चालक. रोज सोडतो आणि सोडायलाच पायजे. उन्हात हवा..." इथं ते थांबले. मग मला विचारलं, "पण भरतं कोण?"

"मी, आबा."

"रोज?"

"रोज. वळणावरच्या पंपावर."

ते खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना, पण मी बघितला, कारण त्यांना अशा वेळी एकटं सोडणं बरं दिसलं नसतं.

मुजावर मॅडम भल्या बाई. त्या ओरडल्या नाहीत. उठून भिंतीपाशी गेल्या आणि आबांनाच जवळ बोलावलं. "बाबा, हे बघा. हे सगळे दिवस सूनबाईंनी हवा पुन्हा भरली. तेच ऊन, तोच रस्ता, तीच गाडी. टायर किती तापला? एवढाच. आता हा एक दिवस बघा. फक्त या दिवशी भरली नाही. रेघ कुठं गेली?"

आबांनी बोट लावून रेघ बघितली. बोट वर वर गेलं आणि जिथं रेघ तुटली होती तिथं थांबलं. एवढ्या दिवसांचा असा चोख पुरावा शास्त्रज्ञांनाही सहज मिळत नाही, असं मॅडम नंतर हसून म्हणाल्या. माझ्या लपवाछपवीतून त्यांना फुकटचा प्रयोगच मिळाला होता.

"आमच्या डेपोत उन्हाळ्यात लई टायर फुटायचे," आबा हळूच म्हणाले. "आम्ही म्हणायचो, हवा आणखी कमी ठेवायला पायजे होती."

बोट अजून तुटलेल्या रेघेवरच होतं.

"माझेही फुटलेत," ते म्हणाले. "पण गाडी हातात राहिली दर वेळी. मॅडम, तुमची ती रेघ एक सांगती का? टायर फुटल्यावर हिनं ब्रेक दाबला का?"

"तेही सांगते." मॅडमनी बाकीच्या तीन टायरच्या रेघा काढल्या. "नाही. पायही लावला नाही. हिसका दिला नाही. वेग अगदी सावकाश उतरलाय. अशी रेघ मला क्वचित बघायला मिळते. नाहीतर याच जागी गाडी कालव्यात असती. कुठं शिकलात, बाई?"

"यांच्याकडे," मी म्हणाले.

निकाल त्याच दिवशी लागला. पिवळा दिवा दिसत असताना गाडी दामटल्याबद्दल माझा परवाना दोन महिने बंद. ते मला मान्यच होतं, माझीच चूक होती. परवाना रद्द मात्र झाला नाही. आबांना प्रवासी गाडीच्या देखभालीला बंदी. मॅडमनी खाली एक ओळ घातली, देखभालीची परीक्षा पास झाल्यास बंदी उठेल. आजींचा खर्च विम्यानं दिला, करंज्या मी नेऊन दिल्या.

सुहासचा फोन आला. "आलं ना शेवटी आबांचं नाव? उगीच ताणलंस."

"आलं नाही," मी म्हटलं. "त्यांनी दिलं."

परत यायला एसटीच होती. आबा खिडकीशी बसले. ड्रायव्हर गिअर बदलायचा तेव्हा त्यांचा डावा पाय आपोआप हलायचा. नजर रस्त्यावरच. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलणार नाही. मी त्यांना सगळ्यांसमोर तोंडावर पाडलं होतं.

मग म्हणाले, "मला गच्चीवरून तू दिसायचीस. रोज त्या पंपावर गाडी थांबायची."

"मग विचारलं का नाही?"

"मला वाटायचं माहेरी फोन करत असशील. घरात मी म्हातारा, नवरा लांब. चार गोष्टी आईपाशी बोलत असशील मोकळ्या मनानं. म्हटलं, त्यात आपण पडू नये."

तीन उन्हाळे मी त्यांचं मन राखत होते आणि ते गच्चीवर उभे राहून माझं. दोघंही एकमेकांना इतके जपत होतो की एक म्हातारी त्यात हात मोडून बसली.

"आबा, मी सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो," ते म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. मग जेवलो असतो."

मी हसले. तेही हसले, आणि पुढच्या सीटवरची बाई वळून बघेपर्यंत आम्ही दोघं हसत राहिलो. खरं सांगते, परवाना बंद झालेल्या दिवशी एवढं बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

आता दुपारी ओट्यावर आमची शाळा भरते. परीक्षेचे प्रश्न टॅबवर येतात. आबा डोळ्यांपासून लांब धरून वाचतात, मी समोर शेंगा फोडत बसते. पहिल्या दिवशी मला फार जड गेलं. त्यांनी एक प्रश्न मोठ्यानं वाचला, लांब पल्ल्याच्या प्रवासात मध्येच हवा वाढलेली दिसली तर काय करावे?

"जरा सोडावी," आबा म्हणाले. ठामपणे.

मी शेंग खाली ठेवली. 'हो आबा' तोंडावर आलंच होतं. एवढ्या वर्षांची सवय, सहजी कुठली जायला?

"चूक," मी म्हणाले. "आबा, साफ चूक."

त्यांच्या भुवया वर गेल्या. मी वाट बघितली. ओट्यावर ऊन सरकत होतं, रस्त्यावरून भांडीवाला ओरडत गेला.

"बरं," ते म्हणाले आणि टॅब माझ्याकडं सरकवला. "मग बरोबर काय, ते शिकव."